झारीने घातलं, उन्हाने नेलं

कारल्याचा एक वेल माणसाला समाजातून किती लवकर उठवू शकतो, याची मला गेल्या मार्चपर्यंत कल्पना नव्हती.

तोवर आमच्या सोसायटीत मला बऱ्यापैकी मान होता. पहिल्या आठवड्यात मी शेजाऱ्यांच्या दारात चार-चार कारली घेऊन उभा राहिलो, तेव्हा "अय्या, घरची?" असं म्हणत त्यांनी ती प्रसादासारखी ओंजळीत घेतली. दुसऱ्या आठवड्यात "मागचीच आहेत हो अजून," हे दार अर्धं उघडून सांगण्यात आलं. तिसऱ्या आठवड्यात मी कापडी पिशवी घेऊन लिफ्टमध्ये शिरलो की आतल्या मंडळींना जिना चढण्याचे फायदे आठवू लागले. चौथ्या आठवड्यात समोरच्या काकूंनी बंद दाराआडून "आम्ही घरी नाही!" असं स्वतःच ओरडून सांगितलं. मी पिशवी त्यांच्या कडीला अडकवून आलो. संध्याकाळी तीच पिशवी आमच्या कडीला होती. आत दोन कारली जास्त होती. त्यांच्या बहिणीकडेही वेल आहे, हे मला नंतर कळलं.

घरच्या बागेचं हे असंच असतं. मंडईत पाव किलो मागितलं की पाव किलो मिळतं. वेलाला पाव किलो ही भाषाच कळत नाही. तो दोन महिने नुसती पानं दाखवतो, मग फुलं दाखवतो, मग त्यातली निम्मी गाळतो. शेवटी आपण आशा सोडून बाजारातून कारली आणतो. त्याच आठवड्यात तो बारा कारली एकदम सोडतो आणि मग थांबायचं नाव घेत नाही.

या सगळ्याचं मूळ माझ्या पुस्तकी उत्साहात होतं. कोल्हापूरच्या श्रीपाद अच्युत दाभोळकरांनी 'प्रयोग परिवार' उभा केला आणि गच्चीत पालापाचोळ्यावर भाजी पिकवण्याचं वेड महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांना लावलं. पाच माणसांचं कुटुंब दहा गुंठ्यांत नीट जगू शकतं, असं ते मांडत. आमच्या घरात माणसं चार : आई, ही, शिकायला येऊन राहिलेला भाचा आणि मी. म्हणजे त्रैराशिकाने आठ गुंठे झाले. आमच्याकडे गुंठा एकही नव्हता. बावधनमधल्या सोसायटीच्या गच्चीचा एक कोपरा होता आणि त्यात २२ कुंड्या, त्यांतल्या निम्म्या रंगाच्या रिकाम्या बादल्या. मी जन्मभर हिशेबखात्यात काम केलं आहे. गुंठ्यांच्या रकान्यात कुंड्या भरल्या तरी ताळेबंद जमेल, अशी मी स्वतःची समजूत घातली.

या २२ कुंड्यांना रोज संध्याकाळी चार झाऱ्या पाणी लागे. गच्चीवरच्या नळाला सेक्रेटरींनी कुलूप लावलेलं आहे, कारण उन्हाळ्यात आमच्याकडे टँकर येतो आणि टँकरचा प्रत्येक थेंब त्यांना नावाने ठाऊक असतो. म्हणून डाळ-तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं, फरशी पुसायच्या आधीचं असं सगळं पाणी साठवून मी चौथ्या मजल्यावरून वर नेत असे. लिफ्ट पाचव्या मजल्यापर्यंतच जाते. पुढच्या १८ पायऱ्या झारी हातात घेऊन चढायच्या. ही झारी लक्षात ठेवा. लेखाच्या शेवटी तिचा हिशेब आहे.

तर जेवणाच्या टेबलावर कारली, शेजारी टोमॅटो, खाली टोपलीत गवार आणि फ्रिजचं दार लागत नाही इतकी मेथी, अशी परिस्थिती असताना आई बाहेर आली. आई ब्याऐंशीची आहे. माहेर तासगावचं. तिने ढिगाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि एकच शब्द बोलली.

"वाळव."

ज्याने कधी काही वाळवलेलं नाही, त्याला हा शब्द फार सोपा वाटतो. मलाही वाटला. ऊन फुकट आहे, गच्ची डोक्यावर आहे, माल घरचा आहे. पण आई सांगायला लागली तेव्हा कळलं की या शास्त्राला स्वतःचं घड्याळ आहे. त्यात तास नसतात, दिवस नसतात. उन्हं असतात. काचऱ्यांना तीन उन्हं, गवारीला चार, मिरचीला पाच. मधलं एखादं ऊन ढगाळ निघालं तर ते धरायचं नाही. संध्याकाळी ऊन उतरायच्या आत सगळं उचलायचं, नाहीतर सादळतं. सादळणं म्हणजे नुसतं ओलं होणं नव्हे. कडकपणाचा आव गळून पडतो, त्याला सादळणं म्हणतात. पाहुण्यांसमोर ठेवलेला पापड सादळतो आणि निवडणुकीनंतर कार्यकर्ता सादळतो.

परीक्षेची पद्धतही वेगळी. "वाजलं पाहिजे," आई म्हणाली. गवार मुठीत धरून हलवली की खुळखुळली पाहिजे. मिरची कानाशी नेली की आतलं बी बोललं पाहिजे. काचरी मोडताना कट्ट व्हायला हवं. वाळवण डोळ्यांनी नाही, कानांनी करायचं असतं, हे मला पंचावन्नाव्या वर्षी समजलं.

भाच्याने त्यामागचं विज्ञान सांगितलं. "मामा, बुरशीला आणि जिवाणूंना जगायला पाणी लागतं. पाणी काढून घेतलं की ते तिथे टिकत नाहीत. मीठही तेच करतं, पाणी ओढून घेतं." टँकरवर दिवस काढणाऱ्या सोसायटीत हे तत्त्व फार समजावून सांगावं लागत नाही. आमचे दोन भाडेकरू याच तत्त्वाने सोडून गेले.

आईच्या देखरेखीखाली काम सुरू झालं. कारली धुऊन, पुसून, चिरून, बिया काढून पातळ चकत्या केल्या. त्यांना मीठ चोळून तासभर ठेवलं आणि घट्ट पिळलं. पिळताना जे हिरवं पाणी निघालं ते पाहून मला माझ्या झारीची आठवण झाली, पण मी काही बोललो नाही. गवारीचे दोन भाग झाले. निम्मी नुसती मिठाच्या पाण्यात उकळी आणून उन्हात, भाजीसाठी. निम्मी उकळीनंतर रात्रभर आंबट ताकात मुरवून मग उन्हात, तळणीसाठी. लाल मिरच्या देठासकट. "देठ काढलेस तर तिथून ओल शिरेल," ही ताकीद. चकत्या सारख्या जाडीच्या हव्यात, हीसुद्धा ताकीद, कारण जाड आणि पातळ एका ताटात असल्या की पातळ करपते आणि जाड कुजते. मी कापलेल्या चकत्या आईने नुसत्या बोटांनी चाळल्या आणि म्हणाली, "हे काय, नाणी आहेत का? दोन रुपये, पाच रुपये, दहा रुपये?"

मेथीला ऊन चालत नाही. उन्हात तिचा हिरवा रंग उडतो आणि गवत दिसायला लागतं. ती सावलीत, वाऱ्यावर वाळवायची. म्हणून आमच्या पलंगावर जुनी चादर आली, चादरीवर मेथी आली आणि आम्ही दोघं हॉलमध्ये आलो. तिसऱ्या दिवशी पानं निम्मी सुकल्यावर भाच्याने वेग वाढवण्यासाठी पंखा पाचवर केला. त्यानंतर पंधरा दिवस मला ऑफिसच्या फायलीत, चष्म्याच्या घरात आणि एकदा पासबुकात मेथी सापडली. बाजारातल्या कसुरी मेथीला ते नाव पाकिस्तानात गेलेल्या पंजाबातल्या कसूर गावावरून पडलं आहे. आमची बावधनी मेथी. तिचा प्रसार मात्र फक्त घरातल्या घरात झाला.

टोमॅटो ही माझी स्वतःची कल्पना. मॉलमध्ये इटालियन पद्धतीच्या वाळवलेल्या टोमॅटोची बाटली पाहिली होती. ऑलिव्ह तेलात बुडवलेले चार सुरकुतलेले तुकडे आणि किंमत अशी, की बाटली मी परत जागेवर ठेवताना दोन्ही हात वापरले. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "टोमॅटो का कुणी वाळवतं? आमच्या तासगावात द्राक्षं वाळवतात." ते खरंच आहे. बेदाण्यासाठी द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवतात, म्हणजे सालीवरचा मेणासारखा थर सैल होऊन आतलं पाणी लवकर निघतं. मग शेडमध्ये जाळीवर जाळी चढवून पसरतात. पंधरा दिवसांच्या आसपास बेदाणा तयार होतो. चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो. "चाराचं एक," आई म्हणाली, "आणि तरी शेतकऱ्याला परवडतं. तुझ्या टोमॅटोत पाण्याशिवाय आहे काय?"

मी रागाने पुस्तक काढून पाहिलं. शंभर ग्रॅम टोमॅटोत पाणी ९४ ग्रॅमच्या आसपास असतं. आईशी वाद घालताना पुस्तक काढू नये.

भाच्याने मात्र माझी बाजू घेतली. त्याने सांगितलं की दक्षिण अमेरिकेत, अँडीज पर्वतावर, पेरू आणि बोलिव्हियातले शेतकरी बटाटे रात्रीच्या थंडीत उघड्यावर गोठवतात, दिवसा उन्हात ठेवतात आणि पायांनी तुडवून त्यातलं पाणी काढतात. असे 'चुनो' वर्षानुवर्षं टिकतात.

"पायांनी?" आई म्हणाली.

"हो आजी."

"धुतलेल्या ना?"

हा प्रश्न मानववंशशास्त्राच्या कोणत्या ग्रंथात आला आहे, मला माहीत नाही.

आता गच्ची. गच्चीवर ऊन सगळ्यांचं असतं, पण जागा सोसायटीची असते. मी पाच ताटं, दोन चाळण्या आणि एक जुनी खाट मांडून खाली उतरलो, तोवर नोटीस बोर्डावर कागद लागला होता : 'गच्चीचा वैयक्तिक कारणासाठी वापर करू नये. – सेक्रेटरी'. मी त्यांना गाठलं. म्हटलं, "साहेब, ऊन तर वायाच जातंय." ते म्हणाले, "आज तुम्ही कारली ठेवाल, उद्या कुणी गादी ठेवेल. प्रश्न कारल्याचा नाही, तत्त्वाचा आहे." तत्त्व म्हटलं की मी गप्प बसतो. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला, तत्त्व झोपलेलं असताना, मी ताटं पुन्हा मांडली.

पण सेक्रेटरी परवडले, पक्षी नाही. कावळा हा चोखंदळ प्राणी आहे. त्याने कारल्याची काचरी उचलली, चोचीत धरली, मान वाकडी केली, पुन्हा ताटात ठेवली आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला त्याची माफी मागावीशी वाटली. मग तो टोमॅटोकडे वळला आणि तिथे रमला. कबुतराचं वेगळं. ते खात नाही. ते नुसतं येतं, ताटातून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरून पाहणी करतं आणि जाताना अभिप्राय नोंदवून जातं. शेवटी आईच्या जुन्या वायलच्या साडीचे दोन तुकडे ताटांवर ताणून बांधले. तरी राखणीला माणूस लागतोच.

पूर्वी हे काम पोरांचं होतं. हातात काठी, डोक्यावर टोपी, कावळ्यांना हाकलायचं आणि मोबदल्यात कुरडयांचा गरम चीक वाटीभर खायचा. म्हणजे वाळवणाचा पहिला चोर आणि पहिला राखणदार एकच असे. आता आमच्या सोसायटीतल्या पोरांना उन्हाळी सुट्टीत रोबोटिक्सचं शिबिर असतं, पोहण्याचं असतं आणि व्यक्तिमत्त्व विकासाचं असतं. कावळ्याला हाकलताना व्यक्तिमत्त्वाचा जो विकास होतो तो शिबिरात बसत नाही. तेव्हा राखणीला मीच बसलो. रजा घेतली. टोपी, काठी, पाण्याची बाटली. पाण्याच्या टाकीच्या सावलीत खुर्ची टाकून बसलेल्या मला पाहून केबलवाल्याने विचारलं, "काका, वॉचमनचं काम धरलंत का?" मी म्हटलं, "नाही, स्वतःचंच आहे." तो म्हणाला, "मग पगार कोण देतं?" याचं उत्तर माझ्यापाशी नव्हतं.

माझी ही अवस्था पाहून भाच्याचं इंजिनियरिंग जागं झालं. त्याने टीव्हीचं जुनं खोकं घेतलं, आतून काळं रंगवलं, वर काच बसवली आणि जाहीर केलं की हा सौर वाळवणयंत्राचा पहिला नमुना आहे. धूळ नाही, माशी नाही, कावळा नाही. मी अर्धा किलो गवार मोठ्या विश्वासाने आत ठेवली. चार तासांनी काच उचलली तेव्हा आतून वाफ आली आणि गवार छान मऊ शिजली होती. यंत्राला हवा जायला-यायला भोकंच नव्हती. ऊन पाणी बाहेर काढतं, पण ते पाणी घेऊन जायला वारा लागतो. वारा नसेल तर तो सोलर कुकर होतो. त्या रात्री आम्ही पहिल्या नमुन्याची भाजी खाल्ली.

दुसऱ्या नमुन्याला खाली-वर भोकं पडली. खालून गार हवा आत, वरून दमट हवा बाहेर. पण आत तापमान इतकं चढलं की टोमॅटो अर्ध्या दिवसात वरून कडकडीत झाले. आम्ही जिंकलो म्हणून ते बरणीत भरले आणि पाचव्या दिवशी बरणीच्या आत पांढरी लव आली. भाच्याने सांगितलं, की फार जोराची उष्णता दिली की वरची कातडी एकदम आवळते आणि आतलं पाणी आतच कोंडतं. वरून कडक, आत ओलं.

"आपल्या सेक्रेटरींसारखं," मी म्हटलं. ते मी उगीचच म्हटलं होतं. पुढे ते खरं निघालं.

तिसरी युक्ती माझी, आणि तिचं खापर मी कुणावर फोडणार नाही. एप्रिलच्या दुपारी काचा लावून उन्हात उभ्या केलेल्या गाडीत काय तापमान होतं हे आपण सगळेच बसताना अनुभवतो. सीटबेल्टची कडी हाताला लागली की माणूस देवाचं नाव घेतो. म्हटलं, ही चार चाकांवरची भट्टी आपल्या दारात उभी आहे आणि आपण कावळे हाकलतोय! मिरच्या दोन ताटांत घातल्या. एक ताट पुढे काचेखाली, एक मागच्या सीटवर. काचा बोटभर खाली, कारण आता मला भोकांचं महत्त्व कळलं होतं. तीन उन्हांत मिरच्या अशा वाळल्या की आईने कानाशी धरून मान डोलावली. तिची पसंती मला लग्नानंतर प्रथमच मिळत होती.

चौथ्या दिवशी साडू आणि मेहुणी आले. संध्याकाळी हिला आणि मला त्यांना स्टेशनवर सोडायचं होतं. ताटं मी काढली होती. पण मिरचीची बारीक भुकटी जिथे जिथे जायची तिथे आधीच जाऊन बसली होती. पौड रस्त्यावर मी एसी लावला. पहिली शिंक साडूंची. दुसरी, तिसरी, चौथी कुणाची ते मोजायला डोळे उघडे नव्हते. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा आत चार प्रौढ माणसं रुमाल तोंडाला लावून घळाघळा रडत होती. वाहतूक पोलीस काचेपाशी आला, त्याने वाकून आत पाहिलं, हळू आवाजात "कोण गेलं?" असं विचारलं आणि माझं उत्तर शिंकेत बुडाल्यावर शेजारच्या रिक्षा मागे सारून आम्हाला वाट करून दिली. साडूंची गाडी चुकली नाही. ते मात्र त्यानंतर आमच्याकडे बसने येतात.

आणि मग मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात तो दिवस आला. शेवटचं ऊन होतं. पाचही ताटं, खाट, चाळण्या, सगळं वर. दुपारी साडेतीनला आई झोपेतून उठली, खिडकीशी गेली, एक श्वास घेतला आणि म्हणाली, "गच्चीत जा."

"आई, अजून लख्ख ऊन आहे."

"जा म्हणते ना."

मी चहा संपवून निघालो. त्या चहाने माझा घात केला. पाचव्या मजल्यावर पोचेपर्यंत ऊन गेलं होतं, सोळाव्या पायरीवर वारा सुटला आणि गच्चीचं दार उघडलं तेव्हा वळवाचा पहिला टपोरा थेंब माझ्या चष्म्यावर पडला. वायलची साडी एका गाठीवर फडफडत होती. टोमॅटोच्या चकत्या पत्र्यावर तबल्यासारख्या वाजत होत्या. मी गवार उचलावी की काचऱ्या, या विचारात दोन्ही सोडून खाट ओढत होतो. तेवढ्यात पाण्याच्या टाकीमागून कुणीतरी धडपडत असल्याचा आवाज आला.

टाकीमागे सेक्रेटरी होते. बनियनवर. हातात प्लॅस्टिकच्या कागदाचं एक टोक, दुसरं टोक वाऱ्याने डोक्यावर आलेलं, आणि त्या कागदावर ओळीने, एकसारख्या, शुभ्र, किमान दीडशे कुरडया.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. कुरडई काही एका दिवसात होत नाही. गहू तीन दिवस भिजतो, वाटला जातो, चीक निवळतो, शिजतो, साच्यातून पडतो आणि मग उन्हं खातो. म्हणजे तत्त्वाचा कागद बोर्डावर असतानाच गहू भिजत होता.

"हे..." ते म्हणाले, "हे आमच्या मंडळींचं आहे."

मी काही बोललो नाही. मी कागदाचं उडतं टोक धरलं. मग त्यांनी माझी गवार धरली. दोन फेऱ्यांत सगळं जिन्यात आलं. पंधराव्या पायरीवर आम्ही दोघं धापा टाकत बसलो, बाहेर गच्चीवर पाणी नाचत होतं. त्यांनी माझ्या ताटातली एक काचरी उचलून तोंडात टाकली, चावली आणि चेहरा हलू न देता म्हणाले, "मीठ ठीक आहे." वरून कडक, आत ओलं, असं मी म्हणालो होतो. त्या क्षणी ते वरूनही ओले होते.

दुसऱ्या दिवशी बोर्डावरचा कागद बदलला : 'गच्चीवर वाळवण घालणाऱ्यांनी ते आपापल्या जबाबदारीवर घालावे व पावसाची चिन्हे दिसताच एकमेकांना कळवावे.' खाली सही तीच.

वाळवणाला पुढे आणखी दोन उन्हं द्यावी लागली. मग गार झाल्यावर बरण्या भरल्या. गरम माल भरला तर झाकणाला आतून घाम येतो आणि सगळी मेहनत पुन्हा ओली होते. मिरचीच्या बरणीत हिंगाचे खडे घातले, म्हणजे किडे येत नाहीत. झाकणाखाली फडकं बांधलं. सहा बरण्या फळीवर लागल्या, आणि मी माझी वही उघडली. हिशेब केल्याशिवाय मला कुठलाच आनंद पचत नाही.

टोमॅटो, ओले ४ किलो, वाळून २६० ग्रॅम. कारली, साफ केलेली ३ किलो, वाळून २४० ग्रॅम. गवार २ किलो, वाळून ३८०. मेथीची पानं दीड किलो, वाळून १८०. यात पासबुकातली धरलेली नाही. लाल मिरची १ किलो, वाळून २४०. पक्ष्यांचा वाटा आणि भाच्याचे दोन्ही नमुने आधीच वजा. एकूण ओला माल साडेअकरा किलो. एकूण वाळवण १ किलो ३०० ग्रॅम.

मी बेरीज तीनदा तपासली. चार महिन्यांचं शेत, ज्याच्यामुळे शेजारी तुटले, पाहुणे रडले, रजा गेली, ते फळीवरच्या दीड वीत जागेत मावलं होतं. उरलेले १० किलो २०० ग्रॅम म्हणजे पाणी. माझ्या झारीत पाच लिटर मावतं. म्हणजे जे मी 'माझं पीक' म्हणून लिफ्टमध्ये मिरवत होतो, त्यातल्या दोन झाऱ्या आणि वर घोटभर हे मीच जिन्याने चढवलेलं पाणी होतं. रोज चार झाऱ्या, चार महिने : एकूण ४८० झाऱ्या. दोन उन्हाने माझ्यादेखत परत नेल्या. बाकी ४७८ झाऱ्यांचा हिशेब सूर्यनारायणाने परस्पर लावला, पावती न देता.

आईला हे वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मग? वाळवण त्यासाठीच करतात. कळतं तरी, होतं किती आणि पाणी किती."

त्यावर मी वही मिटली.

आषाढात चार दिवस सलग पाऊस लागला. भाजीवाला आला नाही, बाहेर जायची कुणाची तयारी नव्हती, फ्रिजमध्ये अर्धा कोबी होता आणि कोबीवर घरात एकमत नव्हतं. हिने फळीकडे पाहिलं. मी साध्या गवारीची बरणी काढली. हलवली. खुळखुळली. भाच्याने मोबाइलवर तिचा आवाज टिपून घेतला, कशासाठी ते त्यालाच ठाऊक. १९० ग्रॅम होती. चार माणसांना एका जेवणाला पुरेल एवढी.

"फोडणी टाकू?" हिने विचारलं.

"थांब," आई आतून म्हणाली. "आधी तासभर पाण्यात भिजत घाल. त्याशिवाय ती शिजायची नाही."

मी पातेलं घेतलं, नळ सोडला आणि वहीत शेवटची नोंद केली : पाणी, एक तांब्या.